काढून ठेवलेला खड्डा

इथे इंग्लंडात प्रदर्शन लागलं की दारातच येणाऱ्याच्या हातात एक पत्रक देतात, आणि त्यावर माझ्या नावाखाली 'ब्रिटिश शिल्पकार' असं छापलेलं असतं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला हसू आवरेना. पासपोर्ट इथला आहे म्हणून ब्रिटिश ठीक, पण शिल्पकार? मी दगड फोडत नाही, धातू ओतत नाही. मी खोळ शिवते आणि तिच्यात कापूस भरते. माणूस उठून गेल्यावर गादीत, उशीत, जुन्या खुर्चीच्या बैठकीत जो खोलगट भाग उरतो तेवढाच मी बनवते. बाकी काही मला येत नाही आणि आता शिकायचंही नाही. इथले जाणकार त्याला रिक्तता, अनुपस्थिती असले भारदस्त शब्द लावतात. मी मनातल्या मनात खड्डा म्हणते. मध्यंतरी गावाकडे, मलकापूरला माझा सत्कार झाला, तेव्हा एका वक्त्याने टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे ऐकवलंच. माझ्या कामात टाकीही नाही आणि देव तर मुळीच नाही, हे त्या गृहस्थाला सांगावं असं फार वाटलं, पण हातात नारळ होता. आत्मकथन लिहिण्याइतकी तू म्हातारी कुठे झालीस, असंही लोक विचारतात. चाळिशी गाठलीय एवढंच. पण आमच्या धंद्यात वय हातांवरून धरतात, आणि माझे दोन्ही अंगठे आता सुई धरताना कुरकुर करतात. ते पुरते संपावर जायच्या आत एका गादीबद्दल लिहून ठेवायचं आहे.

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याचे पिंजारी. घर म्हणजे पुढे दुकान, मागे एक खोली आणि त्याच्या मागे अम्मीच्या शेळ्या. सकाळचा चहा झाला की अब्बा पिंजणापाशी बसत. पिंजण म्हणजे आढ्याला टांगलेलं माणसाएवढं धनुष्य. त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, कापसात धरायची आणि लाकडी मुठीने तिला ठोकायचं, की घट्ट बसलेला कापूस मोकळा होऊन उडायला लागतो. टँव, टँव, टणण. टँव, टँव, टणण. पिंजायची यंत्रं तोवर सगळीकडे आली होती, पण यंत्रातून निघालेली रुई अब्बांच्या मते चावून थुंकलेली असायची. आमचं घर त्या आवाजावर चालायचं. आवाज थांबला की अम्मी तव्यावर भाकर टाकायची, कारण थांबला याचा अर्थ अब्बांना भूक लागली. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत, शुक्रवारी दालचा, आणि या सगळ्यात चवीपुरता कापूस. "आपल्या घरात मीठ कम पडंन, रुई नाई," असं अम्मी म्हणायची आणि भाकरीवरचा तंतू फुंकून उडवायची. शाळेत माझ्या वेणीत रोज एखादा पांढरा धागा निघायचा, म्हणून वर्गातल्या मुली मला म्हातारी म्हणत. आज त्या भेटल्या तर सांगेन, बायांनो, आता खरंच झाले.

बीटी कापूस येऊन तेव्हा दोन-तीन हंगाम झाले होते. अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी तेच पेरलं आणि बघता बघता देशी कापूस आमच्या भागातून नाहीसा झाला. देशी म्हणजे आखूड धाग्याचा, खरखरीत, पिवळसर झाक असलेला. गिरणीवाल्याला तो नको, पण गादीला त्याच्यासारखा दुसरा नाही; दाबला तर उसळून वर येतो. नवा कापूस लांब धाग्याचा, रेशमासारखा, आणि गादीत भरला की सहा महिन्यांत त्याची पोळी. अब्बांचा सगळा राग या एका गोष्टीवर. "हा कापूस उभा राह्यत नाई," ते म्हणत, "बसते. आन् बसला का बसला." तसे शेतकरी तरी कुठे उभे होते! अळी गेली पण तुडतुडे आले, पानं लाल पडली, आणि अडगळीत टाकलेले फवारणीचे पंप पुन्हा पाठीवर चढले. पावसाने दोनदा दगा दिला. ठरलेली लग्नं पुढे गेली, आणि लग्न नाही म्हणजे नवी गादी नाही. लोक जुन्याच गाद्या उचलून आणायचे आणि प्रत्येक जण तेच वाक्य बोलायचा, "चाचा, एवढा खड्डा काढून द्या." खड्डा काढणं म्हणजे बसलेला कापूस उकलून, पिंजून, गादी पुन्हा सपाट करणं. माझ्या वाडवडिलांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही.

माळ्यावर एका गोणीत मात्र देशी रुई होती. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या शेवटच्या देशी पिकातली, अब्बांनी वेचून आणलेली. ती माझ्या लग्नाच्या गादीची. पिंजाऱ्याची पोरगी सासरी गेली की गल्लीतल्या बाया आधी तिची गादी दाबून पाहतात, मग तिचं तोंड. तेव्हा गादी खणखणीत हवी. "नजमाची रुई काढून ठेवली हाये" हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. गोणीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. एकदा उंदराने कोपरा कुरतडला तर अब्बा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

मी अठराची होते, बारावी झालेली, आणि मला पिंजण हवं होतं. आमच्यात बायका खोळ शिवतात, रुई भरतात, टाके घालतात; तात पुरुष धरतात. का, असं विचारलं तर अम्मी म्हणे, खांदा उतरतो. अब्बा नमाजला गेले की मी चोरून पिंजणाला हात घालायची. पहिले काही महिने कापसाऐवजी माझीच बोटं पिंजली गेली. तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले, आणि एके दिवशी टणण असा तो शेवटचा आवाज बरोब्बर आला. अब्बांनी तो मशिदीतून येताना वाटेत ऐकला असणार. त्या दिवसापासून त्यांनी मला गिऱ्हाइकाकडून काम घ्यायला दुकानात बसवलं आणि एक गोष्ट शिकवली. म्हणाले, "गिऱ्हाईक बोलते तवा त्याचा हात पाह्यजो. मानूस तोंडानं अर्धं सांगते, हातानं पुरं सांगते." मी हो म्हटलं. अठराव्या वर्षी माणूस किती गोष्टींना हो म्हणतो!

पुढच्या आठवड्यात अब्बा रुई आणायला मलकापूरला गेले आणि तिथे आत्याकडे तीन दिवस राहिले. त्यांच्या पाठीमागे दुसऱ्याच दिवशी एक ऑटो दारात थांबला. जवळच्याच एका खेड्यातली सुमनवहिनी आणि तिचा दीर गजू. वहिनी पंचविशीची असेल. तिचा नवरा भास्कर दिवाळीच्या आधी फवारणी करता करता बांधावर बसला होता आणि तिथून त्याला उचलूनच आणावं लागलं. औषध अंगात भिनलं होतं. बुलडाण्याच्या दवाखान्यात तो चार दिवस होता, मग नव्हता. हे आम्हाला माहीत होतं, मोताळ्यात सगळ्यांनाच माहीत होतं. गजूने दोघांच्या मापाची मोठी गादी खांद्यावरून उतरवली.

"चाचा नाईत का?" तो म्हणाला. "गादी पिंजाची हाये. घरी पाव्हने येऊन राह्यले."

"मी घेते ना," मी ताठ होत म्हणाले. "परवा बाजाराच्या दिवशी घेऊन जा."

त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि तो ऑटोवाल्याशी बोलायला वळला. तेवढ्यात वहिनी खाली बसली. तिने गादीची घडी थोडी उलगडली, उजव्या अंगाला पडलेल्या खोलगट जागेवर तळहात पसरून ठेवला आणि हळूच म्हणाली, "नजमा ना वं तू? तेवढा खड्डा काढून ठेवजो, बाई."

"हाव वहिनी, काढून ठेवते की. पाह्यत राहसान तुम्ही." मी तिच्या तोंडाकडे पाहून हे म्हणाले. माझं सगळं लक्ष पिंजणाकडे लागलं होतं.

ती माझी पहिली एकटीची गादी. सकाळी अम्मी शेळ्या घेऊन गेल्यावर मी खोळ उसवली. खड्डा साधासुधा नव्हता. खांद्यापाशी मनगट बुडेल एवढा खोल, कंबरेशी अरुंद, आणि खाली गुडघ्यांच्या जागी वाटीसारखा. तिथला कापूस तिंबलेल्या कणकेसारखा घट्ट बसला होता. बोटांनी उकलताना दमछाक झाली. त्याला खोबरेल तेलाचा वास होता आणि त्याच्याखाली फवारणीच्या औषधाचा. तो वास मला आला. आला, आणि मी काम करत राहिले. ते सगळे गठ्ठे मी बाकीच्या कापसात टाकले आणि तात धरली. टँव, टँव, टणण. दुपारपर्यंत पायाशी ढगासारखी रुई जमली. खोळ धुतली, वाळवली, भरली, शिवली. संध्याकाळपर्यंत गादी अशी झाली की तिच्यावर कॅरम खेळावा. अम्मी तिच्यावर हात फिरवून म्हणाली, "माशाल्ला! अब्बाले नोको सांगू, नाईतर मलेच बोलंन." मी त्या रात्री आनंदाने जेवले ते अजून आठवतं, कारण असं निर्धास्त जेवण नंतर पुष्कळ दिवस झालं नाही.

बाजाराच्या दिवशी गजू बाजारात गेला आणि वहिनी एकटीच दुकानात आली. मी गादी फरशीवर पसरून ठेवली होती, मुद्दाम, उजेडात. ती उंबऱ्याशीच थांबली. मग वाकून तिने उजव्या बाजूला हात ठेवला, थोडा पुढे नेला, थोडा मागे, जसा अंधारात माणूस काडेपेटी चाचपतो.

"खड्डा कुठी हाये?" तिने विचारलं.

"काढला ना वहिनी. तुम्हीच तर म्हणल्या होत्या."

"काढून ठेवजो म्हणलं होतं वं मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "काढून टाकजो नाई म्हणलं."

मला आधी राग आला. माणसाची स्वतःची चूक असली की त्याला जो येतो तो. मी म्हणाले, सगळी दुनिया असंच म्हणते, खड्डा काढा म्हणजे दुसरं काय करतात, सरळ बोलायला काय झालं होतं! ती ऐकून घेत होती. मग तिने सांगितलं. मेलेल्या माणसाची गादी घरात ठेवत नाहीत, शिवेवर टाकून देतात, म्हणून घरचे मागे लागले होते. पिंजली की नवीच होते ना, असं म्हणून तिने ती कशीबशी वाचवली. सरळ कसं बोलणार, गजू बाजूलाच उभा होता. तिला त्या खड्ड्यातला तेवढा कापूस वेगळा काढून हवा होता. त्याची ती उशी करणार होती. "उशीले कोनी काही म्हणत नाई," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसून राहिली, आणि मला तिचा तो परवाचा हात आठवला, खड्ड्यावर पसरलेला. कोणी गादी सपाट करायला देताना असा हात ठेवत नाही.

पिंजलेली रुई पुन्हा वेगळी करता येत नाही. दूध पाण्यात मिसळल्यावर निवडून दाखवा म्हणावं. ते मला कळत होतं, आणि तरीही मी जे बोलले ते माझं मलाच नवीन होतं. "वहिनी, गादी आज नेऊ नोका. पुढच्या बाजारापर्यंत राहू द्या. गजूभाऊले सांगा, टाके बाकी हायेत." ती नाही म्हणत मान हलवत राहिली. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि विचारलं, "ते कसे झोपत?"

तिने दाराकडे पाहिलं. मग ती त्या कॅरमसारख्या गादीवर आडवी झाली आणि दाखवू लागली. डाव्या कुशीवर, तिच्याकडे तोंड करून. उजव्या खांद्याला पंपाचा पट्टा काचून काचून घट्टा पडला होता, त्या अंगावर त्याला निजवतच नसे. गुडघे पोटाशी. एक हात गालाखाली. "लंबा होता ना, पाय गादीबाहेर जात," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी शिवणाच्या खडूने तिच्याभोवती रेघ मारली. खोळीवरची ती रेघ म्हणजे माझं पहिलं रेखाटन म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी अब्बा आले. मी काही लपवलं नाही. त्यांनी गादीवर तळवा दाबला, कोपऱ्याची शिवण उसवून चिमूटभर रुई बाहेर काढली आणि उजेडात धरली. "पिंजलं कोनं?" "मी." त्यांनी रुई चिमटीत ओढून पाहिली. "तात चांगली धरली," ते म्हणाले. मग विचारलं, "हात पाह्यला होता तिचा?" मी नाही म्हणाले. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. ते उठून हातपाय धुवायला गेले.

मी हट्टाला पेटले. पहिल्या दिवशी मला वाटलं, खड्ड्यात जो मावत होता तोच भरून द्यावा. पोत्याचं कापड घेऊन मी खांदा, पाठ, मुडपलेले पाय असं शिवायला लागले. दुपारी अम्मीने ते पाहिलं आणि तिच्या हातातलं भगुणं खाली आलं. "या अल्ला, घरात बुत बनवून राह्यली का तू?" आमच्यात माणसाची आकृती घडवत नाहीत, ते अल्लाचं काम. मी वाद घालणार होते, पण समोरचं ध्यान पाहिलं आणि गप्प झाले. बुत कसला, ज्वारीतलं बुजगावणं झालं होतं. वहिनीच्या हातात ते दिलं असतं तर तिने किंकाळी फोडली असती. अम्मीचं म्हणणं मी त्या दिवशी भीतीने ऐकलं आणि पुढे आयुष्यभर समजून पाळलं. मी आजपर्यंत एकही माणूस घडवलेला नाही. लोकांना वाटतं तो माझा कलाविचार आहे. आहेही, पण त्याची सुरुवात अम्मीच्या भगुण्यापासून झाली.

मग मी खड्डाच करायचं ठरवलं. रेघेच्या आतली रुई काढून घेतली, तर वरचं कापड ढोलकीसारखं ताणून बसलं. खड्डा आत, वर सपाट. टाके आवळून कापड खाली ओढलं, तर चुण्या पडल्या आणि ती जागा म्हाताऱ्याच्या तोंडासारखी दिसायला लागली. उसवलं. पुन्हा शिवलं. मोठ्या सुईने अंगठ्याचं मांस निघालं, त्यावर हळद बांधली आणि पुन्हा उसवलं. मला डोळे मिटले की तो खड्डा हाताला लागायचा. मीच तर तो बोटांनी उकलला होता, इतका की वहिनीखालोखाल तो मलाच ठाऊक होता. खांद्याशी मनगटभर, कंबरेशी अरुंद, गुडघ्याशी वाटी. सगळं आठवत होतं आणि होत नव्हतं. पाचव्या दिवशी एकदाचा जमला असं वाटलं, आणि तासाभरात काठ ढासळले. नवा कापूस. बसला का बसला.

अब्बा हे सगळं पिंजणापाशी बसून पाहत होते. शेवटी एकदा जेवताना त्यांच्याच्याने राहवलं नाही. "आपन खड्डे काढतो पोरी, बनवत नाई," ते म्हणाले. "अशी गादी आपल्या दुकानातून गेली तर लोक तोंडात शेन घालतीन." थोड्या वेळाने पुन्हा, जणू दुसऱ्याच कोणाशी बोलत असल्यासारखे, "आन् खड्डा आतून रुई काढून होत नसते. काठ भरावं लागते. काठ उभे राह्यले का खड्डा आपसूक होते. पन या रुईचे काठ उभे राहनार नाईत."

"मग माह्यी रुई द्या," मी म्हणाले.

अम्मीचा वाढायचा हात तिथेच थांबला. "लग्नाची? येडी झाली का?"

"ती तुह्यासाठी काढून ठेवली हाये," अब्बा म्हणाले.

आणि ते वाक्य मला जन्मात पहिल्यांदा ऐकू आलं. मी म्हणाले, "तिनंबी काढूनच ठेवा म्हणलं होतं, अब्बा."

ते पाऊण भाकर ताटात तशीच ठेवून उठले, शिडी लावली आणि माळ्यावर चढले. मला गोणी झेलायला बोलावलं. दोरी सोडायच्या आधी त्यांनी गोणीवर तळवा पसरून ठेवला, हे मी पाहिलं, कारण आता मी हात पाहायला शिकले होते. ती रुई पिवळसर होती, आणि मुठीत धरून सोडली की पुन्हा फुलून यायची. अब्बांनी ती पिंजली, मी भरली. आधी काठ: खांद्याभोवती दाबून, पाठीमागे उंच, गुडघ्यांपुढे हळूहळू उतरता. मग आतला पातळ थर, मग टाके, प्रत्येक टाका निम्माच ओढलेला. वरचं कापड त्या काठांवरून आपोआप खाली उतरलं. मी मनगट ठेवून पाहिलं, बुडलं. आज माझी कार्यशाळा लँकेशरमधल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, आमच्याच वऱ्हाडचा कापूस कधीकाळी तिथे यायचा म्हणतात. काम शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते, आधी काठ भरा. ते वहीत लिहून घेतात. अब्बांनी ते मला भाकर खाता खाता सांगितलं होतं.

बाजाराच्या दिवशी वहिनी आली. गजू बी-बियाण्याच्या दुकानाकडे गेला होता, अर्ध्या तासात ऑटो घेऊन येतो म्हणाला होता. मी गादी मागच्या खोलीत पसरली होती. अम्मीने तिला पाणी दिलं. ती पाणी न पिता गादीपाशी बसली आणि तिने उजव्या बाजूला हात ठेवला. हात खाली उतरला. खांद्याशी थांबला, कंबरेवरून गेला, गुडघ्यांच्या वाटीत फिरला. मी तिच्या हाताकडे पाहत उभी होते. इथल्या कला महाविद्यालयाच्या मुलाखतीला, मोठ्या दालनातल्या पहिल्या प्रदर्शनाला, कुठेच पुढे मी कोणाच्या निकालाची तशी वाट पाहिली नाही.

"पाठीकडं जरा जास्ती झालं," ती शेवटी म्हणाली. "एवढे जाडे नव्हते ते."

मी सुई घेतली. ती सांगत गेली, मी तीन टाके उसवून पुन्हा घातले. तिने परत हात फिरवला आणि होकाराची मान डोलावली. मग तिने दाराकडे पाहिलं, अम्मीने दार लोटून घेतलं, आणि वहिनी गादीवर आडवी झाली. मला वाटलं होतं ती त्या खड्ड्यात निजेल. तिने तसं केलं नाही. ती तिच्या जागी, डाव्या बाजूला, खड्ड्याकडे तोंड करून निजली आणि एक हात पुढे करून तिने तो काठावर ठेवला. खड्डा मोकळाच राहिला. आता ती रडली, आणि चांगली मोठ्याने रडली. अम्मी तिच्या पायाशी बसून राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला कळून चुकलं होतं की यापुढे मला हेच करायचं आहे, कोणी काहीही म्हणो. प्रदर्शनात लोक माझ्या कामात जाऊन निजतात, फोटो काढून घेतात, मी त्यांना अडवत नाही. पण वर्षा-दोन वर्षांत एखादी बाई अशी येते, जी आत जात नाही, बाजूला बसते आणि काठावर हात ठेवते. तिला मी जाऊन चहा विचारते.

बाहेर ऑटो वाजला. वहिनीने तोंड धुतलं. आम्ही तिघींनी गादीची वळकटी केली, खड्डा आतल्या बाजूला राहील अशी, आणि दोरीने आवळून बांधली. घरी वरून गोधडी टाकीन, वहिनी म्हणाली. अब्बा दुकानात पिंजणापाशी बसले होते. गजूने वळकटी खांद्यावर घेतली, तिचं वजन जोखलं आणि विचारलं, "काढला ना चाचा खड्डा?"

अब्बांनी तात हातात धरली होती, ती सोडली. माझे अब्बा उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. त्यांनी आधी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्या हळद लावलेल्या अंगठ्याकडे.

"हाव," ते म्हणाले, "माह्या पोरीनं काढला."